इटलीतल्या यहुदी बायकांचा स्वयंपाक

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



पाककलेचा कार्यक्रम म्हटला की वक्त्यापुढे शेगडी, परात आणि मांडून ठेवलेल्या वाट्या असायच्या, ही आपल्या मंडळाची रीत. आज माझ्यापुढे नुसता पाण्याचा तांब्या आहे हे पाहून मागच्या रांगेत थोडी चुळबुळ झालेली मला दिसली. पण मी ज्या पदार्थांविषयी बोलणार आहे त्यांची कृती चार ओळींची आणि हकिकत चारशे वर्षांची, असा प्रकार आहे. एक सोपी कृती शेवटी सांगणार आहे. तेवढ्यासाठी तरी बसून राहावे.

इटली म्हटली की आपल्या घरच्या मुलांना पिझ्झा आठवतो. परंतु 'इटालियन जेवण' असे एकच एक काही नाही. परदेशातल्या हॉटेलात 'भारतीय जेवण' म्हणून जे ताट पुढे येते ते पाहून सोलापूरच्या बाईला आणि मालवणच्या बाईला जे वाटेल, तेच तिकडच्या गावोगावच्या बायकांना वाटते. इटली हे एक राज्य झाले १८६१ साली, आणि रोम त्यात आले १८७० साली. त्याआधी कुठे पोपचे राज्य, कुठे ड्यूकांचे, कुठे व्हेनिसच्या व्यापाऱ्यांचे, तर दक्षिणेला स्पेनच्या राजाचे. सरकार निराळे, बाजार निराळा, म्हणून चूलही निराळी. यहुदी लोक या साऱ्या गावांतून विखुरलेले होते. तेव्हा त्यांच्या स्वयंपाकाचीही एकच एक तऱ्हा नाही. रोमची वेगळी, व्हेनिसची वेगळी, लिव्होर्नोची वेगळी. त्यांचे कोणते पदार्थ कोणत्या गावी मिळतात हे पाहत गेले, की त्या गावाने त्यांना कसे वागवले तेही कळत जाते. आजच्या माझ्या बोलण्याचे सूत्र एवढेच आहे.

आधी त्यांचे सोवळेओवळे थोडक्यात सांगते. डुक्कर वर्ज्य. मासा चालतो, पण ज्याला पर आणि खवले आहेत तोच. म्हणजे कोळंबी, खेकडे, तिसऱ्या बाद. मांस आणि दूध एका जेवणात यायचे नाही, म्हणून मांसाच्या रश्शाला लोणी लावायचे नाही. आणि शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंत, शब्बाथ म्हणून, विस्तव पेटवायचा नाही. शेवटचा नियम विशेष ध्यानात ठेवा, कारण निम्मा स्वयंपाक त्यातून निघाला आहे.

हे नियम आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. आपल्या कोकणातले बेने इस्राएल हेच नियम पाळत आले. अलिबाग–पेणच्या बाजूला त्यांना 'शनिवार तेली' म्हणत, कारण ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत. मांसाला दुधातुपाचा स्पर्श नको म्हणून त्यांच्या बायकांनी रश्शाला नारळाचे दूध लावले. एका उपासाचे नावच मुळी 'बिरड्याचा रोजा'. नवसाला मलिदा, तो पोहे आणि ओल्या खोबऱ्याचा. म्हणजे धर्मशास्त्र यरुशलेमचे आणि भाजी अलिबागच्या परड्यातली. इटलीत नेमके हेच झाले, फक्त परड्यात नारळाच्या जागी ऑलिव्ह होता, आणि सरकार फार वाईट होते.

आता रोमला येऊ. तिथे यहुदी वस्ती ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकापासून आहे. ख्रिस्ती धर्म जन्माला येण्याच्या आधीपासून. म्हणजे रोममध्ये हे लोक उपरे नव्हेत. तरीही १५५५ साली चौथे पॉल हे पोप झाले आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात त्यांनी फर्मान काढले की यहुद्यांनी एकाच मोहल्ल्यात राहावे, त्याला भिंत घालावी, आणि रात्री वेस बंद करावी. जागा कोणती, तर टायबर नदीच्या काठची, सखल, पूर आला की घरात पाणी शिरणारी. अशा कोंडलेल्या वस्तीला 'घेटो' म्हणतात. हा शब्द व्हेनिसचा. तिथे १५१६ साली पहिल्यांदा असा मोहल्ला ठरवला गेला, तो जुन्या ओतशाळेच्या जागी, आणि ओतशाळेला त्यांच्या बोलीत 'जेत्तो' म्हणत. पुढे जगभर या शब्दाला काय अर्थ आला ते आपण जाणतो.

रोमच्या घेटोत आणखी एक अट होती. पुरुषांनी धंदा करायचा तो जुन्या कपड्यांचा आणि चिंध्यांचा. नवे काही विकायचे नाही. डोक्यावर पिवळी टोपी, म्हणजे दुरून ओळखू यावे. प्रार्थनामंदिर एकच असावे, असाही हुकूम होता. त्यावर त्यांनी तोड काढली ती मोठी मजेची: इमारत एकच, पण आत पाच मंदिरे! त्यांची नावे ऐका. एक जुन्या रोमकरांचे, एक 'नवे', एक कॅटलान, एक कॅस्टिलियन, एक सिसिलियन. आपल्या मुंबईच्या चाळीत एका मजल्यावर पाच गावचे लोक असतात तशीच ही गोष्ट. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने यहुद्यांना देशाबाहेर घालवले. सिसिली बेट त्याच राजाचे, म्हणून तिथूनही हाकलले. त्यांतले कित्येक उत्तरेकडे सरकत रोमला आले. येताना भांडीकुंडी किती आणता आली असतील कोण जाणे, पण हाताला लागलेली सवय कोण काढून घेणार? एका भिंतीआड आता सिसिलीच्या, स्पेनच्या आणि रोमच्या सुना एकमेकींच्या कढईत डोकावू लागल्या.

त्या कढईतला सर्वांत प्रसिद्ध पदार्थ म्हणजे आर्टिचोक. ही भाजी आपल्याकडे फारशी नाही, पण करडईचे बोंड सगळ्यांनी पाहिले आहे. त्याच कुळातली, मुठीएवढी, काटेरी पाकळ्यांची कळी समजा. फूल उमलण्याआधी तोडून खायची. रोमच्या आसपास जी जात होते ती गोल, घट्ट मिटलेली आणि बिनकाट्याची. बाहेरची राठ पाने काढायची, मग चाकू हातात स्थिर धरून कळी फिरवीत फिरवीत वरची कडक टोके तासायची. काळी पडू नये म्हणून लिंबाच्या पाण्यात टाकायची. आपण वांगी चिरून पाण्यात टाकतो तशीच. नंतर निथळून, दोन कळ्या एकमेकींवर हलके आपटून पाकळ्या सैल करायच्या, आत मीठमिरी घालायची आणि भरपूर तेलात मंद आचेवर शिजेपर्यंत तळायची. काढून निवू द्यायची. जेवायच्या वेळी पुन्हा कडकडीत तेलात उलटी सोडायची आणि वर पाण्याचा हबका मारायचा. चर्रर्र होते, पाकळ्या शेवंतीच्या फुलासारख्या उमलतात, कडेला कुरकुरीत, मधला गाभा लोण्यासारखा मऊ. एवढेच. मसाला नाही, सारण नाही.

या पदार्थाला इटालियनमध्ये म्हणतात 'कार्चोफी आल्ला जुदिया', म्हणजे 'यहुदी पद्धतीचे आर्टिचोक'. नाव ऐकूनच कळते की ते शेजाऱ्यांनी ठेवले असावे. आपल्या घरात आपण आमटीला आमटीच म्हणतो; ती अमक्या जातीची आमटी होते ती दुसऱ्याच्या तोंडी.

तळण का, असे विचाराल. डुकराची चरबी चालत नाही, मांसाबरोबर लोणी चालत नाही, राहिले तेल. आणि स्वस्तातली वस्तूही तळली की पाहुण्यापुढे ठेवता येते, हे काय तुम्हांआम्हांला सांगायला हवे? गरीब घरची भजी ही काही उगाच निघालेली नाहीत. खारवलेला सुका मासा भिजवून पिठात बुडवून तळणे, झुकिनीची फुले तळणे (आपल्या भोपळ्याच्या फुलांची भजी आठवा), हे सारे त्या मोहल्ल्याचेच मानले जाते.

माशाची गोष्ट जरा निराळी. घेटोच्या अगदी दाराशी रोमन काळातल्या एका भव्य देवडीचे खांब उभे आहेत, तिला ऑक्टेव्हियाची देवडी म्हणतात. त्या पडक्या खांबांमध्ये कित्येक शतके शहराचा मासळीबाजार भरे. तिथल्या भिंतीवर संगमरवरी पाटी होती. पाटीच्या लांबीपेक्षा मोठा मासा बाजारात आला, तर त्याचे डोके पहिल्या परांपर्यंत कापून नगराच्या अधिकाऱ्यांना द्यावे, असे लॅटिनमध्ये त्यावर कोरलेले. म्हणजे मोठ्या माशाचा रुचकर भाग साहेबांच्या घरी. बाजार उठला की उरलेली बारीक डोकी, शेपट्या, काटे गोळा करून यहुदी बाया सार करीत, असे रोममध्ये सांगतात. हे सार तिथे अजून प्रसिद्ध आहे. आपल्या कोळीवाड्यातल्या बायकांना डोक्याचे कालवण शिकवायला नको. बारीक मासा हाही त्यांचाच. अँचोवी म्हणून एक मासा असतो, आपल्या मांदेलीच्या जातीचा. तो साफ करून कडसर पालेभाजीच्या थरांमध्ये घालायचा, वरून तेल, मीठ, मिरी, आणि भाजीचे पाणी आटेपर्यंत भट्टीत ठेवायचा. भाजी इतकी कडू की एकटी खाववत नाही, आणि मासा इतका खारट की एकटा पुरत नाही. दोन्ही मिळून मात्र ताट चाटूनपुसून स्वच्छ होते.

घेटोची भिंत पडली १८४८ साली, पण खरी मोकळीक मिळाली १८७० साली, पोपचे राज्य संपल्यावर. मधल्या काळात नेपोलियनच्या फौजा आल्या तेव्हा थोडे दिवस वेस उघडली आणि पुन्हा मिटली. तीनशे पंधरा वर्षे झाली म्हणा. इतक्या वर्षांत एका मोहल्ल्याच्या जिभेला जे वळण लागले, ते भिंत पडून जात नाही.

शब्बाथचे मी मघाशी म्हटले. शनिवारी चूल नाही, म्हणजे शुक्रवारी दुपारी करून ठेवलेले आणि दुसऱ्या दिवशी गारच खाऊन अधिक चांगले लागणारे असे काही हवे. यावर त्यांचे उत्तर व्हिनेगर. झुकिनीचे काप तळून, लसूण आणि व्हिनेगर घालून मुरवत ठेवायचे, हे रोमचे. तारल्या तळून त्यावर कांदा, व्हिनेगर, बेदाणे आणि चिलगोजे घालून मुरवायच्या, हे व्हेनिसचे. ती तारली आता सगळे व्हेनिसच खाते आणि तिला कुणी यहुदी म्हणत नाही; पण मासळीत बेदाणे आणि चिलगोजे दिसले की जाणत्या लोकांना पूर्वेकडून आलेल्या यहुदी घरांची आठवण होते.

शेवयांचाही एक पदार्थ आहे. फेरारा आणि व्हेनिसकडे बारीक शेवया हंसाच्या चरबीत आणि मांसाच्या रसात घोळून, बेदाणे व चिलगोजे घालून, गोल भांड्यात भाजतात. त्याला नाव 'फाराओचे चाक'. मिसर देशच्या राजाचे रथ समुद्रात बुडाले, ती कथा ज्या शनिवारी मंदिरात वाचतात त्याच दिवशी हा करायचा. शेवया म्हणजे समुद्राच्या लाटा, आणि बेदाणे म्हणजे गटांगळ्या खाणारे शिपाई! मुले मोठ्या आनंदाने शिपाई खातात. सणाची गोष्ट मुलांच्या गळी उतरवायची ही युक्ती आपल्यालाही ठाऊक आहे. नागपंचमीच्या कहाणीनंतर पुरणाची दिंडे आपण कशासाठी करतो?

हंसाचे नाव निघाले म्हणून सांगते. उत्तर इटलीत थंडी फार, ऑलिव्ह कमी. शेजारी डुक्कर मारून वर्षभराची बेगमी करत, तर यहुद्यांनी हंस पाळून तेच सगळे हंसाचे केले: चरबी साठवायची, मांस खारवायचे, मानेच्या कातडीत भरून सुकवायचे. मिलानच्या डचीत मोर्तारा म्हणून गाव आहे, भातशेतीच्या प्रदेशात. तिथले हंसाचे सालामी, म्हणजे भरून सुकवलेले मांस, नावाजलेले. त्या डचीतून स्पेनच्या राजाने १५९७ साली यहुद्यांना काढून लावले. हंस राहिले, सालामी राहिले. २००४ साली युरोपियन संघाने 'मोर्ताराचे हंसाचे सालामी' या नावाला कायद्याचे संरक्षण दिले, आपल्या हापूसला मिळाले तसे. आणि त्याची जी अधिकृत घटना आहे, तीत हंसाबरोबर डुकराचे मांस घालावे असे लिहिले आहे! ज्यांनी डुक्कर नको म्हणून ही वस्तू वापरात आणली असे सांगतात, त्यांच्या वंशजांना आज ती तोंडात घालता येणार नाही. मला हे वाचून आधी हसू आले, आणि मग बराच वेळ आले नाही.

वांग्याचेही तसेच आहे. वांगे आपले, हिंदुस्थानचे. संस्कृतातले 'वातिंगण' फारसीत गेले, तिथून अरबीत 'बादिंजान' झाले, आणि अरबांबरोबर स्पेन आणि सिसिलीत उतरले. दक्षिणेतले लोक ते आवडीने खात. उत्तरेत मात्र त्याला कुणी शिवत नसे. इटालियन भाषेत त्याचे नाव 'मेलान्झाना'. त्याची लोकांनी फोड केली 'वेडे फळ', म्हणजे खाल्ले तर वेड लागेल! सिसिलीतून हाकललेले यहुदी जिथे गेले तिथे वांगे नेत गेले, आणि मग ते 'यहुद्यांचे खाणे' म्हणून आणखीच बदनाम झाले. पेल्लेग्रिनो आर्तुसी नावाच्या गृहस्थांनी १८९१ साली इटलीचा पाकग्रंथ लिहिला. तो तिकडे घरोघरी असतो, आपल्याकडे 'रुचिरा' असते तसा. आर्तुसी स्वतः यहुदी नव्हेत. त्यांनी नोंदवून ठेवले आहे की चाळीस वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सच्या बाजारात वांगी आणि बडीशेपेचे गड्डे क्वचितच दिसत, कारण ते यहुद्यांचे हलके खाणे समजले जाई. आणि पुढे मोकळेपणी असेही म्हटले आहे की चांगले ओळखण्यात यहुद्यांचेच नाक अधिक तिखट ठरले. आज इटालियन जेवणातून वांगे काढून दाखवा पाहू! ज्या भाजीवरून माणसांना हिणवले ती भाजी पंगतीत मानाने बसते, आणि माणसांना बसायला पाट मिळायला पुढे किती वर्षे लागतात. आपल्याकडेही कुणाच्या ताटावरून कुणाला काय काय बोलले गेले आहे, ते आपण सगळ्याजणी जाणतो. आज त्यात शिरत नाही.

सगळीकडे भिंतीच होत्या असेही नाही. टस्कनीत लिव्होर्नो हे बंदर. तिथले मेदिची घराण्याचे ग्रँड ड्यूक पहिले फेर्दिनांदो यांनी १५९१ आणि १५९३ साली सनदा काढून सर्व देशांच्या व्यापाऱ्यांना बोलावले, त्यांत यहुदीही. त्या गावी घेटो कधीच झाला नाही. म्हणून तिथला स्वयंपाकही मोकळा: तांबूस मासा टोमॅटोत शिजवलेला, उत्तर आफ्रिकेतून आलेला रव्याचा कुसकुस, बदामाच्या वड्या आणि केक. आपल्या बेसनाच्या धिरड्याची सख्खी बहीण शोभेल असा हरभऱ्याच्या पिठाचा जाड पोळाही त्या गावी पावात घालून खातात. तो मात्र साऱ्या गावाचा.

आणि याच गावाचा आपल्या गोव्याशी संबंध होता. भूमध्य समुद्रातले पोवळे लिव्होर्नोच्या यहुदी पेढ्या लिस्बनमार्गे गोव्याला पाठवीत, आणि बदल्यात इथले हिरे तिकडे जात. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या एर्गास आणि सिल्वेरा या पेढीचा पत्रव्यवहार शिल्लक आहे. त्यांचे गोव्यातले आडते होते सारस्वत व्यापारी, कामत घराण्यातले. पत्रे पोर्तुगीज भाषेत. लिव्होर्नोचा यहुदी गोव्यात उघडपणे येऊ शकत नव्हता, कारण तिथे इन्क्विझिशन होते. सारस्वत तिकडे जाण्याचे कारणच नव्हते. एकमेकांची तोंडे न पाहता, एका ख्रिस्ती राजाच्या जहाजांतून, यहुदी आणि हिंदू वर्षानुवर्षे विश्वासाने देवघेव करीत होते. फ्रान्चेस्का त्रिवेल्लातो या विदुषींनी यावर २००९ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो समजून घेतल्यापासून लग्नकार्यात कुणाच्या गळ्यात पोवळ्याची माळ दिसली की माझे मन लिव्होर्नोच्या धक्क्यावर जाते. स्वयंपाकाचा विषय सोडून हे सांगितले, पण राहवले नाही.

आता एका लहान गावाची गोष्ट. टस्कनीच्या दक्षिण टोकाला पितिल्यानो आहे. मऊ दगडाचा उंच कडा आणि त्यातूनच उगवल्यासारखी घरे. पोपच्या राज्यातून पळालेले यहुदी इथे सोळाव्या शतकात आले, आणि गावाला पुढे 'धाकटे यरुशलेम' म्हणू लागले. मंदिर १५९८ सालचे. कड्याच्या पोटात खोदलेली एक भट्टी आहे, तिथे वल्हांडण सणाच्या बिनखमिराच्या भाकऱ्या सर्वांच्या मिळून भाजल्या जात. सतराव्या शतकात इथेही घेटो आला. सरकारी माणसे हातात दांडके घेऊन दारोदार फिरली, दारे ठोठावली, 'घर सोडा' म्हणून. अशा घर खाली करण्याला इटालियन भाषेत 'स्फ्रात्तो' म्हणतात. आणि या गावच्या बायका एक मिठाई करतात: अक्रोड, मध, संत्र्याची साल आणि जायफळ यांचे सारण पातळ पारीत गुंडाळून केलेली लांब कांडी. तिचे नावही स्फ्रात्तो. ज्या दांडक्याने दार ठोठावले, ते दांडके मधात शिजवून मुलांच्या हातात दिले. मला वाटते, साऱ्या इटलीत याहून कडवट नावाची गोड वस्तू नसेल. आता ती गावातले ख्रिस्ती हलवाईही करतात आणि नाताळात विकतात.

कारण गावात यहुदी जवळजवळ उरलेच नाहीत. मुसोलिनीच्या सरकारने १९३८ साली वंशभेदाचे कायदे केले: शाळा बंद, नोकऱ्या बंद. भट्टीत शेवटच्या भाकऱ्या भाजल्या त्या १९३९ साली. १९४३ साली जर्मन फौजा आल्या. रोममध्ये त्यांच्या अधिकाऱ्याने यहुद्यांकडे ३६ तासांत ५० किलो सोने मागितले, दिले तर कुणाला नेणार नाही म्हणून. बायकांनी बोटांतल्या अंगठ्या, कानांतले, गळ्यातले काढून दिले. ख्रिस्ती शेजाऱ्यांनीही काही दिले. सोने पोहोचले. तीन आठवड्यांच्या आत, १६ ऑक्टोबर १९४३ रोजी, शनिवारी पहाटे, पावसात घेटोला वेढा पडला. हजाराहून अधिक माणसे ऑशविट्झला पाठवली गेली. परत आली सोळा, आणि त्यांत बाई एकच.

तो शब्बाथचा दिवस होता. आदल्या दिवशी करून ठेवलेले जेवण घराघरांत झाकलेले असणार.

पितिल्यानोच्या एद्दा सेर्वी माखलिन या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. त्यांचे वडील गावच्या यहुदी समाजाचे धर्मकार्य पाहत. आईवडील आणि धाकटा भाऊ यांना छावणीत नेले. एद्दा आणि इतर भावंडे डोंगरात, शेतकऱ्यांच्या आश्रयाने लपून राहिली. सुदैवाने कुटुंब वाचले. पुढे त्या अमेरिकेत गेल्या. तिथे यहुदी जेवण म्हणजे पोलंड–रशियाकडचे, असाच समज; वांगी, आर्टिचोक, बडीशेपेचे गड्डे ही यहुदी घरची भाजी असू शकते हे लोकांना ठाऊक नाही. १९८१ साली त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, 'द क्लासिक क्विझीन ऑफ दि इटालियन ज्यूज'. ते पाकपुस्तक तर आहेच, पण त्यात अख्खे गाव आहे: कोणत्या सणाला कुणाच्या घरी काय, भट्टीवर कोण जमे, आई काय म्हणे. त्या २०१९ साली वारल्या. पुस्तक झाले नसते तर गावच्या कड्यात कोरलेली भट्टी पाहणाऱ्याला तिच्यात काय शिजे ते कोणी सांगितले असते? मंदिर पुन्हा बांधता आले, १९९५ साली तसे ते बांधलेही. मिठाचे प्रमाण पुन्हा बांधता येत नाही.

रोमच्या त्या मोहल्ल्यात मात्र माणसे राहिली आणि चुली पेटत्या राहिल्या. आज तिथे हॉटेलांची रांग आहे, वसंत ऋतूत दारादारात आर्टिचोकांच्या पाट्या, आणि प्रवासी छायाचित्रे घेतात. 'गरिबांचे साधेसुधे जेवण' असे कौतुकाने म्हणतात तेव्हा मला थोडा राग येतो. ती गरिबी कुणी लादली होती तेही पाटीवर लिहावे. २०१८ साली तर गंमतच झाली. इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाकडून असे मत आले की अख्खा आर्टिचोक कोशर, म्हणजे धर्माला मान्य, नाही. पाकळ्यांत किडा असला तर दिसत नाही. रोमच्या यहुद्यांनी हे मानले नाही. आमच्याकडची कळी इतकी घट्ट असते की आत किडा शिरत नाही, आणि साफ कशी करायची ते आम्हांला ठाऊक आहे, असे त्यांचे म्हणणे. समाजाच्या अध्यक्षीणबाई आणि धर्मगुरू यांनी तर भाजी निवडतानाचे चित्रीकरण लोकांना दाखवले. पोपांना जे जमले नाही ते दूरच्या धर्मपीठालाही जमले नाही.

आता कबूल केलेली कृती. रोमची मुरवलेली झुकिनी. तिकडे हिला 'कोंचा' म्हणतात. अर्धा किलो कोवळी झुकिनी घ्यावी. बाजारात मिळाली नाही तर अगदी कोवळ्या, बी न धरलेल्या दुधीची करून पाहावी. मी तशीही करते. धुऊन, पुसून, पाव बोट जाडीचे लांबट काप करावे. स्वच्छ फडक्यावर पसरून दोन-तीन तास उन्हात ठेवावे. सांडग्यासारखे वाळवायचे नाहीत, फक्त वरचे पाणी जायला हवे. नंतर तेलात थोडे थोडे टाकून कडा चांगल्या तांबूस होईपर्यंत तळावे. ऑलिव्हचे तेल महाग वाटले तर शेंगदाण्याचे चालते. निथळून खोल काचेच्या भांड्यात एक थर लावावा, त्यावर मीठ, मिरपूड, चार-पाच लसणीच्या पाकळ्यांचे पातळ काप यांतले थोडे आणि चिरलेला पुदिना पसरावा. तिकडची तुळस मिळाली तर ती घ्यावी, आपली अंगणातली घालू नये, तिचा उग्रपणा येतो. वर चमचाभर व्हिनेगर. असेच थर लावीत जावे. सगळे मिळून व्हिनेगर पाऊण वाटीच्या पुढे जाऊ देऊ नये. तळलेले थोडे तेल वरून ओतावे, झाकण ठेवावे आणि रात्रभर हात लावू नये. दुसऱ्या दिवशी पावाबरोबर किंवा भाकरीबरोबर खावी. गरम करू नये.